विजेची बचत : विद्यार्थ्याला उपदेश नको, हिशेब हवा

१४ डिसेंबर हा दिवस आपल्या देशात १९९१ सालापासून राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळाशाळांतून प्रभातफेऱ्या निघतात, फलक रंगवले जातात, सामुदायिक शपथा घेतल्या जातात. केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो २००५ सालापासून शालेय विद्यार्थ्यांसाठी याच विषयावर चित्रकला स्पर्धा भरवीत आला आहे. हे सारे वाईट आहे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याच दिवशी संध्याकाळी, शपथ घेऊन घरी परतलेला नववी-दहावीचा विद्यार्थी रिकाम्या खोलीतील पंखा बंद करतो काय, असा प्रश्न विचारला तर शिक्षकही हसतात आणि पालकही हसतात. आणि त्या हसण्याबरोबरच प्रश्नाची बोळवण केली जाते. मुले बेफिकीर आहेत, आजकालच्या पिढीला कशाची किंमत नाही, असा निवाडा देऊन मोठी माणसे मोकळी होतात.

हा निवाडा आम्हाला मान्य नाही. चौदा ते अठरा वर्षांची मुले बेफिकीर असतात, हे चळवळीचा अनुभव असलेला कोणताही माणूस म्हणणार नाही. फीवाढीविरुद्धच्या मोर्चात, दुष्काळात, पुरात, साक्षरतेच्या कामात हीच मुले दिवसरात्र राबलेली आपण पाहिली आहेत. मग तीच मुले घरातल्या एका बटणापाशी येऊन का थांबतात? दोष मुलांच्या स्वभावात आहे की त्यांच्यापुढे ठेवलेल्या कारणात आहे, हे तपासले पाहिजे. प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तसा तो नाही. आपल्या देशात तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश वीज अजूनही कोळशापासून मिळते. त्या कोळशाची किंमत खाणीतला कामगार, राखेखाली बुडालेला शेतकरी आणि तापत चाललेल्या हवामानात उघड्यावर राबणारा मजूर देत असतो. तेव्हा बचतीचा विचार ही केवळ सुखवस्तू माणसाची नीतिकथा राहू देणे श्रमिकांच्या चळवळीला परवडणारे नाही.

विद्यार्थी म्हणजे कोण?

सरकारी फलकावरील विद्यार्थी एकच असतो. त्याच्या एका हातात दिवा आणि दुसऱ्या हातात पृथ्वीचा गोल असतो. प्रत्यक्षात असा एकच एक विद्यार्थी अस्तित्वात नाही. एका घरात दोन दिवे आणि एक पंखा असतो. दुसऱ्या घरात प्रत्येक खोलीला वातानुकूलन यंत्र असते. दोघांनाही शाळेत एकच शपथ दिली जाते.

साधा हिशेब करून पाहू. नऊ वॉटचे दोन एलईडी दिवे रोज पाच तास आणि पंचाहत्तर वॉटचा एक पंखा रोज दहा तास चालला, तर त्या घराचा दिवसाचा खर्च एक युनिटही होत नाही, सुमारे ०.८४ युनिट होतो. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र ताशी सरासरी एक युनिट घेते असे धरले, तर आठ तासांच्या एका रात्रीत आठ युनिटे जळतात. म्हणजे एका खोलीच्या एका रात्रीच्या गारव्यात दुसऱ्या घराचे नऊ दिवस सामावतात. आपल्या देशाचा दरडोई वीजवापर २०२३-२४ साली सुमारे १४०० युनिटे होता आणि जगाची सरासरी याच्या दुपटीहून अधिक आहे. या सरासरीच्या पोटातही केवढी विषमता दडलेली आहे, हे वरील उदाहरणावरून दिसेल.

दोन दिव्यांच्या घरातील मुलीला ‘वीज वाचव’ असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. तिला वीज वाचवायची नाही, मिळवायची आहे. अभ्यासाला पुरेसा प्रकाश, उन्हाळ्यात पंखा, आईसाठी धुराविना चूल ही तिची न्याय्य गरज आहे. किशोरवयात अन्यायाची जाणीव फार तीक्ष्ण असते. ज्याच्याकडे जास्त आहे त्याला आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला एकाच मापाने मोजले जात आहे, हे या वयाच्या मुलांना लगेच कळते. आणि एकदा ढोंगाचा वास आला की ती त्या विषयाकडे पाठ फिरवतात. ज्याला आपण बेफिकिरी म्हणतो ती पुष्कळदा या ढोंगाविरुद्धची मुकी नापसंती असते.

पैशाचे आमिष

दुसरा नेहमीचा उपाय पैशाचा. वीज वाचवा, बिल कमी येईल! परंतु घराचे बिल विद्यार्थ्याच्या हातात कधी येते? ते वडिलांच्या नावावर असते, हल्ली बहुधा वडिलांच्या मोबाइलवर येते आणि तेथूनच भरले जाते. बचत झाली तरी ती घरखर्चात विरून जाते. मुलाला तिचा पत्ताही लागत नाही. बिलात काय काय आकार असतात, स्थिर आकार म्हणजे काय, कोणत्या टप्प्याला कोणता दर लागतो, हे बारावी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यालाही सांगता येत नाही. कारण ते त्याला कोणी दाखवलेलेच नसते.

शिवाय पैशाचे आमिष नेहमी उपयोगी पडते हेही खरे नाही. अर्थशास्त्रज्ञ अनंत सुदर्शन यांनी राजधानी दिल्लीच्या परिसरातील कुटुंबांवर केलेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. काही कुटुंबांना त्यांचा वीजवापर शेजाऱ्यांच्या तुलनेत किती आहे, एवढेच नियमितपणे कळवण्यात आले. उन्हाळ्यात त्यांचा वापर सुमारे सात टक्क्यांनी घटला. दुसऱ्या गटाला हीच माहिती देऊन वर पैशाचे प्रोत्साहनही जोडण्यात आले. तेथे ही घट दिसेनाशी झाली! प्रयोग विद्यार्थ्यांवर नव्हता, संपूर्ण कुटुंबांवर होता, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही त्यातून निघणारा बोध महत्त्वाचा आहे. चार माणसांत आपण कोठे उभे आहोत हे कळले की माणूस आपले वागणे तपासतो. त्याच गोष्टीचा सौदा केला की तो सौद्यासारखाच विचार करू लागतो आणि परवडत असेल तर खुशाल खर्च करतो. बाजाराची भाषा बोलून समाजाची जबाबदारी शिकवता येत नाही.

बक्षिसाचेही तेच. हजारो मुलांतून एकाला बक्षीस देणारी स्पर्धा उरलेल्यांना एवढेच शिकवते की हे काम आपले नव्हते. वीज ही सामूहिक वस्तू आहे. एका तारेवर सारे गाव असते. अशा वस्तूविषयीची जाणीव वैयक्तिक चढाओढीतून निर्माण करू पाहणे हाच मुळात उलटा मार्ग आहे.

या वयाची खरी शक्ती

मग या वयाच्या मुलांना कशाने चालना मिळते? अमेरिकेतील टेक्सास राज्यात आठवीच्या विद्यार्थ्यांवर केलेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. विषय विजेचा नव्हता, खाण्याचा होता. एका गटाला नेहमीप्रमाणे पोषक आहाराचे फायदे शिकवण्यात आले. दुसऱ्या गटाला चटकदार डबाबंद खाद्ये विकणाऱ्या कंपन्या काय काय युक्त्या करतात, मुलांना आणि गरिबांना कसे लक्ष्य करतात, याची माहिती देण्यात आली. अशा मालाकडे पाठ फिरवणे म्हणजे आपल्याला बनवू पाहणाऱ्यांविरुद्ध उभे राहणे होय, अशा रीतीने विषय मांडण्यात आला. दुसऱ्या दिवशी खाऊ निवडण्याची वेळ आली तेव्हा दुसऱ्या गटाने अधिक चांगली निवड केली. आपल्या भावी आरोग्याच्या चिंतेने मुले हलली नाहीत. स्वतःच्या बुद्धीने उभे राहण्याच्या आणि अन्यायाला विरोध करण्याच्या ओढीने ती हलली.

भांडवलशाहीच्या माहेरघरातील हा प्रयोग आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. ज्या वयात माणूस ‘हे असे का?’ हा प्रश्न प्रथम स्वतःसाठी विचारतो, त्या वयाला आज्ञा नको असतात. त्याला कारणे हवी असतात. त्याला आपल्यावर विश्वास टाकून काम सोपवणारे कोणी हवे असते. आणि ते काम एकट्याने करायचे नसून सवंगड्यांबरोबर करायचे असेल, तर त्याच्या उत्साहाला सीमा राहत नाही. घरातील विजेच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी आपण त्याला नाकारतो. कारण सांगत नाही, हिशेब दाखवत नाही, आणि काम एकट्यावर टाकतो.

हिशेबाचा हक्क

पहिली गोष्ट हिशेबाची. ‘खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा’ हे वाक्य मुले बालवाडीपासून ऐकतात. नऊ वॉटचा एलईडी दिवा रोज तासभर विनाकारण जळत राहिला तर वर्षाकाठी किती वीज वाया जाते? जेमतेम सव्वातीन युनिटे. रिकाम्या खोलीतील पंचाहत्तर वॉटचा पंखा वर्षातील आठ महिने रोज दोन तास फिरत राहिला तर? छत्तीस युनिटे. आणि तोच जुना पंखा बदलून तीस वॉटचा नव्या मोटरीचा पंखा लावला, तो रोज दहा तास आणि आठ महिने चालला, तर वाचणारी वीज एकशेआठ युनिटे! म्हणजे ज्या गोष्टीचा सर्वांत अधिक उपदेश होतो तिचा परिणाम सर्वांत कमी आहे, आणि ज्या गोष्टीविषयी कोणी बोलत नाही तिचा सर्वांत अधिक आहे. दिव्याचा उपदेश साठ वॉटच्या पिवळ्या बल्बच्या काळातला आहे. दिवे बदलले, उपदेश मात्र तोच राहिला.

हा हिशेब आठवीच्या गणिताचा आहे. परंतु तो ज्याने स्वतः केला त्या विद्यार्थ्यात एक बदल घडतो. तो आज्ञाधारक मुलगा राहत नाही, घरातील एक जाणकार माणूस बनतो. वडिलांना तो सांगू शकतो की पंखा घेताना किमतीबरोबर तारांकनाची पट्टीही पाहा. पंख्यांवर ही पट्टी १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली आहे. आईला तो सांगू शकतो की फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवला तर त्याची उष्णता बाहेर जात नाही. त्याचबरोबर त्याला हेही कळते की भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला नवा पंखा घेणे सोपे नसते. महाग पंखा कमी वीज खातो आणि स्वस्त पंखा जास्त, म्हणून तेवढ्याच वाऱ्यासाठी गरिबालाच अधिक युनिटे मोजावी लागतात. येथेच बचतीच्या प्रश्नाचे सामाजिक स्वरूप त्याच्यापुढे उघडे होते.

या मार्गाने आपल्या देशात काम झालेच नाही असे नव्हे. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेने २०१२ व २०१३ या दोन वर्षांसाठी ऊर्जा हाच मुख्य विषय घेतला होता. दहा ते सतरा वयाच्या मुलांनी गट करून, आपल्याच गावातील वा वस्तीतील प्रश्न निवडून, पाहणी करून, आपल्या भाषेत तो मांडावा अशी तिची पद्धत आहे. केरळ शास्त्र साहित्य परिषद १९६२ पासून विज्ञान लोकभाषेत नेत आली आहे. तिने १९६९ साली माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी ‘शास्त्रकेरळम्’ हे मासिक सुरू केले, पुढे कमी सरपण लागणारी सुधारित चूल घराघरांत पोचवली. सायलेंट व्हॅलीच्या जलविद्युत प्रकल्पावरून १९७० च्या दशकाच्या अखेरीस जो वाद पेटला, त्यात प्रकल्प हवा की नको यावर डाव्या चळवळीतही मतभेद होते. परंतु वीज किती लागते, कोणासाठी लागते, ती वाटेत किती गळते आणि दुसऱ्या मार्गाने मिळू शकते काय, हे प्रश्न त्या वादामुळे तज्ज्ञांच्या कपाटातून बाहेर आले व शिक्षक-विद्यार्थ्यांच्या चर्चेचे विषय झाले. १९८४ साली तेथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. निकालापेक्षाही आम्हाला ती रीत मोलाची वाटते. आधी हिशेब, मग मत.

युनिटामागचा माणूस

दुसरी गोष्ट कारणाची. भिंतीतून वीज येते असे शहरातील मुलाला वाटते. एक युनिट वीज त्याच्या घरात पोचवायला सुमारे पाऊण किलो कोळसा जाळावा लागतो, हे त्याला कळू द्या. तो कोळसा कोणी खणला, हे कळू द्या. झरियाच्या कोळसाक्षेत्रात शंभर वर्षांहून अधिक काळ जमिनीखाली आग धुमसत आहे आणि तिच्यावर माणसे राहत आहेत, हे त्याच्या भूगोलाच्या पुस्तकात ठळकपणे का नाही, असे त्याला विचारू द्या.

मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश यांच्या सीमेवरील सिंगरौलीचे उदाहरण घ्या. १९६२ साली पूर्ण झालेल्या रिहंद धरणाने तेथील गावे प्रथम पाण्याखाली घातली. नंतर कोळशाच्या खाणी आणि औष्णिक केंद्रे आली. देशातील सर्वांत मोठे औष्णिक केंद्र, ४७६० मेगावॉटचे विंध्याचल, याच पट्ट्यात आहे. काही कुटुंबे एकदा नव्हे, दोनदोनदा, तीनतीनदा उठवली गेली. ज्यांच्या जमिनीवरून साऱ्या उत्तर भारताला वीज गेली, त्यांच्याच अनेक वस्त्या कित्येक वर्षे अंधारात राहिल्या.

ही गोष्ट ज्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे तो रिकाम्या खोलीतील पंखा बंद करतो तेव्हा त्याला कोणाच्या शपथेची आठवण करावी लागत नाही. दुसऱ्याच्या श्रमाची नासाडी करणे ही हलकी गोष्ट आहे, एवढे त्याला पुरते. भाकरीचा तुकडा पायदळी आला तर उचलून कपाळाला लावणारी माणसे आपण आहोत. त्या भाकरीमागचे कष्ट आपल्याला दिसतात. विजेमागचे कष्ट दिसत नाहीत म्हणूनच ती बेपर्वाईने वापरली जाते. ते कष्ट दाखवणे हे शिक्षणाचे काम आहे, आणि शिक्षण ते करणार नसेल तर चळवळीचे आहे.

२ ऑक्टोबर १९२० रोजी रशियातील युवक संघाच्या तिसऱ्या अधिवेशनात लेनिन बोलले, त्याची येथे आठवण होते. देशाची घडी विजेच्या पायावर नव्याने बसवायची आहे आणि निरक्षर माणसांकडून ते होणार नाही, म्हणून तरुणांनी शिकावे, परंतु ते शिक्षण रोजच्या सामूहिक कामाशी जोडलेले असावे, असा त्या भाषणाचा आशय होता. त्याच वर्षी डिसेंबरात विद्युतीकरणाची योजना मांडताना, प्रत्येक वीज केंद्र हे लोकशिक्षणाचे केंद्रही व्हावे, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली होती. वीज आणि विद्यार्थी यांचे नाते त्यांनी उपदेशाने जोडले नाही, ज्ञानाने व कामाने जोडले.

मात्र येथे प्रामाणिकपणाने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच सोव्हिएत देशात पुढे, १९७० व १९८० च्या दशकांत, शहरांतील घरे केंद्रीय व्यवस्थेने उबदार ठेवली जात, ही श्रमिकांसाठी मोठी सोय होती. पण त्या उष्णतेचे मोजमाप घरोघर नव्हते. खोली फार तापली की लोक हिवाळ्यातही खिडकी उघडत. मालकी समाजाची असूनही जेथे सामान्य माणसाला हिशेब दिसत नाही, तेथे मालकीची जाणीवही मुरत नाही. समाजवादावर निष्ठा असलेल्यांनी हा धडा विसरता कामा नये.

बचतीच्या नावाने

आता एका धोक्याविषयी. बचत हा शब्द राज्यकर्त्यांनाही प्रिय आहे, त्यांची कारणे मात्र वेगळी आहेत. देशातील एकूण वीजवापरात घरगुती वापराचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे, उद्योगांचा चाळीस टक्क्यांहून अधिक. वितरणातील तांत्रिक व व्यापारी तूट अलीकडच्या वर्षांतही पंधरा-सोळा टक्क्यांच्या आसपास राहिली आहे. सारा भार घरातल्या मुलाच्या बोटावर टाकून या मोठ्या आकड्यांवर पडदा टाकता येतो, हे सोयीचे ठरते.

२०२१ साली जाहीर झालेल्या वितरण सुधारणा योजनेत सुमारे पंचवीस कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरांचे लक्ष्य ठेवण्यात आले. २०२३ साली ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून, असे मीटर बसलेल्या घरांसाठीही दिवसाच्या वेळेनुसार दर लावण्याची तरतूद झाली. दिवसा उन्हाच्या वेळी वीज स्वस्त, गर्दीच्या तासांत निदान दहा टक्के महाग. मागणीचे तास बदलले तर कोळशाची केंद्रे कमी चालवावी लागतील, हे तांत्रिकदृष्ट्या खोटे नाही. परंतु ज्या घरात दिवसा सारे कामावर असतात आणि मुले संध्याकाळी सात ते दहा अभ्यास करतात, त्या घराने आपला दिवा दुपारी लावायचा काय? आणि आगाऊ भरलेले पैसे संपताच परीक्षेच्या आदल्या रात्री अंधार होणार असेल, तर ती बचत नव्हे, तो वंचितपणा आहे. जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातील वीज कर्मचाऱ्यांनी खाजगी कंपनीच्या समांतर वितरण परवान्याविरुद्ध संप केला, तेव्हा त्यांच्या मागणीत केवळ नोकरीचा प्रश्न नव्हता. वीज ही सेवा राहणार की निव्वळ विक्रीचा माल होणार, हाही प्रश्न होता. विद्यार्थ्यांनी हे समजून घेणे हाही ऊर्जाशिक्षणाचाच भाग आहे.

सार्वजनिक निर्णयाने बचत किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकते याचीही उदाहरणे आहेत. २०१५ सालापासून सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीमार्फत घाऊक खरेदी करून देशभर छत्तीस कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले आणि दिव्याची किंमत झपाट्याने खाली आली. केरळात त्याही आधी, २०१० साली, जुने बल्ब परत घेऊन कमी विजेचे एक कोटीहून अधिक दिवे घरोघर देण्यात आले होते. जे दिव्यांच्या बाबतीत झाले ते पंख्यांच्या बाबतीत का होऊ नये, ही मागणी पंख्याचा हिशेब केलेल्या विद्यार्थ्याकडून आपोआप येईल. घरातील बचत आणि रस्त्यावरील मागणी या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. पहिलीतून दुसरी उगवते.

करावयाचे काम

यासाठी फार मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. विद्यार्थी संघटना, पुरोगामी शिक्षक आणि विज्ञान चळवळीचे कार्यकर्ते यांनी मनावर घेतले तर पुढील सत्रापासूनच काम सुरू होऊ शकेल.

एका वर्गातील आठ-दहा विद्यार्थ्यांचा गट करावा. प्रत्येकाने रोज ठरावीक वेळी आपल्या घराचा मीटर वाचून वहीत नोंद करावी. महिन्याअखेर सर्वांच्या वह्या एकत्र मांडाव्यात. मात्र कोणाचा वापर कमी म्हणून त्याला शाबासकी देऊ नये. दरडोई वापर काढावा, घरात कोणती उपकरणे आहेत ते पाहावे, आणि कमी वापर काटकसरीमुळे आहे की अभावामुळे, याची चर्चा करावी. जेथे अभाव आहे तेथे वीज मागावी. जेथे नासाडी आहे तेथे ती थांबवावी. बचत याचना नव्हे आणि कंजुषीही नव्हे, हा विवेक या चर्चेतूनच येईल.

हे काम मुलींच्या माथी मारले जाणार नाही याची दक्षता घ्यावी. घरातली इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटर ही बहुधा आई आणि बहीण चालवतात. बचतीचा उपदेशही त्यांच्याच वाट्याला येतो. आईचा मिक्सर बंद करून पाटा-वरवंटा तिच्या हाती देणे ही बचत नव्हे. ते तिच्या श्रमाचे फुकट शोषण आहे. मुलांनी आधी आपल्या खेळाच्या पडद्याचा, आपल्या गिझरचा आणि आपल्या पंख्याचा हिशेब द्यावा.

जवळच्या उपकेंद्रातील वायरमनला, अभियंत्याला, शक्य असेल तेथे खाण कामगाराला शाळेत बोलवावे. पावसाळ्यात खांबावर चढणाऱ्या माणसाशी तासभर बोललेला विद्यार्थी विजेकडे पुन्हा पूर्वीच्या नजरेने पाहणार नाही. शाळेच्या स्वतःच्या वीजबिलाची पाहणी विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी आणि त्यात झालेली बचत वाचनालयाच्या पुस्तकांसाठी किंवा संध्याकाळच्या अभ्यासिकेच्या दिव्यांसाठी वापरण्याचा निर्णय त्यांनाच घेऊ द्यावा. आपल्या हातून वाचलेली वीज कोणाच्या तरी पुस्तकावर प्रकाश पाडते आहे, हे डोळ्यांना दिसले पाहिजे.

चौदा वर्षांच्या मुलाला आपण लहान समजतो म्हणून त्याला शपथ देतो. त्याला मोठा समजून मीटरची वही दिली तर तो घरही बदलेल आणि उद्या घराबाहेरील अन्याय्य व्यवस्थेकडेही हिशेब मागेल. राज्यकर्त्यांना पहिली गोष्ट हवी आहे, दुसरी नको आहे. म्हणूनच त्यांचे फलक रंगीत असतात आणि निष्फळ ठरतात. आपल्याला दोन्ही गोष्टी हव्या आहेत. तेव्हा येत्या १४ डिसेंबरला शपथेच्या कागदाऐवजी विद्यार्थ्यांच्या हाती कोरी वही आणि पेन्सिल द्यावी, आणि त्यांनी मांडलेला हिशेब ऐकून घेण्याची तयारी मोठ्यांनी ठेवावी.